सात टोकांचा तारा

“पोराला रडवलंस! वाचलं का आता तुझं फेझ?”

ती ओरडत होती आणि माझ्या खांद्यावर तीस किलोचं पोतं होतं.

“आधी हे कुठं ठेवू ते सांग. मग ओरड.”

“डोक्यावर ठेव. तिथं जागा रिकामीच दिसतेय.”

हॉलमधली सगळी पोरं खिदळली. एकच हसलं नाही... सहा वर्षांचा याह्या. पुढचे दोन दात नसलेला. भिंतीवरून ओढून काढलेला निळ्या कागदाचा तारा मुठीत चुरगाळून तो मुसमुसत होता. त्याला रडवणारा मीच.

मी काय केलं होतं? काही नाही. फेझ शहरातल्या आमच्या वस्तीच्या युवा-घरात वसंताच्या सुट्टीत पोरांना चित्रकला शिकवायला कुणी मुलगी आलीय, तिला झेलीजचे फुटके तुकडे हवेत, म्हणून मामाने मला पोतं घेऊन पाठवलं. दारातून आत आलो तर समोरच्या भिंतीवर कागदाचे तारे. लाल, हिरवे, वेडेवाकडे. आणि मधोमध एक सात टोकांचा. सात! मी जन्मल्यापासून झेलीज बघतोय. रंगीत झिलईच्या फरशीतून हातोडीने एकेक तुकडा कापायचा आणि नक्षी जुळवायची, हे आमच्या घरात चार पिढ्यांचं काम. आमच्या ताऱ्याला आठ टोकं असतात. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “हा कुठल्या गाढवाने कापला? फेझची अब्रू बुडवली!”

गाढव समोरच बसलं होतं.

“माफी माग त्याची,” ती म्हणाली.

“मी माफी मागत नाही.”

“म्हणजे? कधीच?”

“कधीच.”

तिने माझ्याकडे जरा वेळ नुसतं बघितलं. रागाने नाही. एखादं चित्र वाकडं लागलंय का ते बघावं, तसं मान कलती करून. मग म्हणाली, “नाव काय तुझं?”

“नौफल.”

“मी शामा. तेतुआनची. तुझं पोतं तिथं खिडकीखाली ठेव, नौफल. आणि उद्या ये. आठ टोकांचा तारा कसा कापतात ते या सगळ्यांना दाखव. की नुसतंच बोलता येतं?”

तेतुआन! उत्तरेचं शहर. तरीच. तेतुआनवाले झेलीजचा तुकडा ओल्या मातीतच कापतात, मग झिलई देऊन भाजतात. आम्ही फेझवाले आधी भाजतो, मग हातोडी मारतो. दगडासारख्या कडक फरशीतून कापतो आम्ही.

“लोणी कापणाऱ्या गावची तू,” मी पोतं आपटून म्हटलं, “तुला काय दाखवणार?”

आणि निघून आलो. रस्ताभर उत्तरं सुचत राहिली. एकाहून एक भारी. उपयोग काय?

दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तीच आली.

आमचा कारखाना गावाबाहेर, कुंभारांच्या वस्तीत. भट्ट्यांत ऑलिव्हच्या बिया जळतात, काळा धूर सुटतो. मी मांडी घालून ऐरणीपुढे बसलो होतो. वर बघितलं तर मामापुढे ही उभी. हातात पुदिन्याची जुडी. कुणाच्या कामाच्या जागी रिकाम्या हाताने जाऊ नये, एवढं तिला कळत होतं.

“मालेम तय्यिब,” ती मामाला म्हणाली. उस्ताद कारागिराला आम्ही मालेम म्हणतो. “तुमचा भाचा मला दहा दिवस द्या.”

मामाने चष्म्यावरून बघितलं. “दहा दिवस? आम्ही एकोणीस वर्षं सांभाळतोय, अजून कुणी मागितला नव्हता.”

सगळे कारागीर हसले. माझे कान तापले.

“तुमच्या गल्लीतल्या पाण्याच्या नळामागची भिंत उघडी पडलीय,” शामा म्हणाली. “पोरांच्या हातून तिथं झेलीज लावून घेऊ या. कागदाचं नको, खरं. मी पंधरा दिवस आहे. रविवारी, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या, माझी परतीची गाडी. तोपर्यंत.”

मामाने पुदिना हुंगला. “नौफल, ऊठ.”

“मामा, मी शिकवत-बिकवत नाही...”

“शाळेत शिकला नाहीस. निदान शिकव तरी.”

हे लागलं. मामाला कळलंही नसेल, पण लागलं. मी सोळाव्या वर्षी शाळा सोडली. भूमितीच्या तासाला मी कंपासशिवाय आठ टोकांचा तारा काढला, एका दमात, अगदी बरोबर. सर म्हणाले, छापून घेतलास. मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, खोटं बोलतोस, माफी माग, तरच वर्गात बस. मी कंपास खिडकीतून फेकला आणि त्याच्या मागोमाग मीही निघालो. पुन्हा गेलो नाही.

जाताना शामा बाहेर उन्हात वाळत घातलेल्या कच्च्या फरश्यांपाशी थांबली. एकीवर तिने तळवा टेकला. तापलेल्या पोराच्या कपाळावर टेकावा तसा. मी बघितलं. का बघितलं, माहीत नाही. नजर माझी, काय करू?

तर अशी आमची शाळा सुरू झाली. मी शाळेत! आई तर दोन दिवस हसत होती.

शामाची पद्धत अजब. रोज एका चित्रकाराची किंवा एका मुलखाची गोष्ट सांगायची, आणि मग पोरांनी त्याच्यासारखं काहीतरी करायचं. त्याच्यासारखं, पण त्याचं नाही, असं ती पुन्हापुन्हा सांगायची. एक दिवस जपानच्या एका जुन्या चित्रातली मोठी लाट. पोरांनी लाटेत आमचे चामडं कमावणारे बुडवले. एक दिवस काँगोचे मुखवटे. मर्वा नावाची आठ वर्षांची एक पोरगी आहे, तिखट जीभ, तिने नाक फुगलेला मुखवटा केला आणि जाहीर केलं, “हा मालेम नौफल, रागावलेला.”

“मी मालेम नाही,” मी म्हटलं.

“मग काय आहेस?”

मी मुखवट्याचं नाक चेपून बसवलं.

एक दिवस तिने मातिसची गोष्ट सांगितली. फ्रान्सचा मोठा चित्रकार, आमच्या तांजियर शहरातही येऊन राहिलेला. म्हातारपणी आजारी पडला, ब्रश घेऊन उभं राहता येईना. मग त्याने कात्री घेतली. रंगवलेले कागद कापायचा, खुर्चीत बसून, पलंगावर बसून.

“रंग आधी, आकार नंतर,” शामा म्हणाली.

“मग तो फेझचाच,” मी मागून म्हटलं. “आम्हीही रंग आधी देतो. मग कापतो.”

तिने कात्री खाली ठेवली. मग पोरांकडे वळून म्हणाली, “ऐकलंत? पंधरा दिवसांत याच्या तोंडून पहिलं शहाणं वाक्य.”

“चारच दिवस झालेत.”

“मोजतोयस?”

मी कात्री उचलली आणि एक कागद कापायला घेतला. पेन्सिल न लावता. आठ टोकं. कापता कापता जाणवलं, ती तारा बघत नाहीये. माझा हात बघतेय. नववं टोक होता होता वाचलं.

तिची आणखी एक सवय. पहिल्याच दिवशी तिने प्रत्येक पोराला विचारलं होतं, तुझा रंग कोणता? आवडता नाही हं. तुझा. याह्याचा निळा. मर्वाचा काळा, कारण तो कुणीच घेत नाही म्हणून. ज्याचा जो रंग, ते तुकडे त्याचे.

“आणि तुझा?” मी विचारलं. आम्ही दोघं पायरीवर बसून तुकडे निवडत होतो.

“ओळख.”

“हिरवा.”

“नाही.”

“निळा.”

“सगळ्या फेझचा रंग निळा आहे. माझा कसा असेल?”

“पिवळा. हा स्वेटर रोज घालतेस.”

“हा स्वेटर मावशीचा आहे. मला थंडी वाजते, तिला नाही. चल, तीन झाले. रोज एकच ओळखायचा.”

“आणि ओळखला तर?”

ती तुकडे निवडत राहिली. “आधी ओळख तर...”

ती मावशीकडे उतरली होती. नारंगीच्या फुलांचा अर्क काढायचे दिवस, मावशीच्या गच्चीवर तांब्याची भट्टी चढलेली. शामाच्या हातांना तो वास यायचा. पोरांच्या घोळक्यात डोळे मिटूनही सांगता आलं असतं, ती कुठं उभी आहे. मी मिटले नाहीत कधी. पण आलं असतं.

मी रोज एक रंग ओळखायचो. रोज चुकायचो. पांढरा? नाही. लाल? तुला मी लाल वाटते? वांगी? शी!

तिला हातोडी मी शिकवली. पहिल्याच घावाला अंगठा ठेचून घेतला तिने.

“मारू नकोस,” मी म्हटलं, “पडू दे. हातोडीला वजन आहे ना तिचं तिला. तू फक्त कुठं पडायचं ते सांग.”

“तुझ्या रागालाही असंच शिकव की.”

“काय?”

“वजन आहे त्याला. नुसतं कुठं पडायचं ते कुणी सांगितलेलं नाही.”

मी नळ मोठा केला. तिचा अंगठा नळाखाली धरला होता... सोडायला हवा होता. मर्वा ओरडली, “बाई, पाणी वाया जातंय!” तेव्हा सोडला.

दहाव्या दिवशी पोरांना खरी गंमत कळली. झेलीज आम्ही पालथं लावतो. प्रत्येक तुकडा रंग खाली, पाठ वर करून जमिनीवर मांडायचा, वरून प्लास्टर ओतायचं, वाळलं की अख्खी पाटी उलटून उभी करायची. तोपर्यंत रंग कुणालाच दिसत नाही. लावणाऱ्यालाही नाही. सगळं डोक्यात ठेवायचं.

रंगीत तालीम म्हणून आम्ही हॉलमध्ये अर्धी नक्षी पालथी मांडली. पोरं हिरमुसली. समोर नुसती माती. विटकरी, खरखरीत.

“रंग गेले,” याह्या म्हणाला.

“गेले नाहीत, खाली आहेत,” मी म्हटलं.

शामा मात्र गुडघ्यांवर बसली. त्या पाठींवरून तिने बोटं फिरवली. हळूच म्हणाली, स्वतःशीच, “असंच राहू दे ना...”

आणि मला कळलं.

तो उन्हातल्या कच्च्या फरशीवर टेकलेला तळवा. फुटका तुकडा हातात आला की ती झिलई बघायचीच नाही, फुटलेली कड बघायची. स्वतःची चित्रं किराणामालाच्या तपकिरी कागदावर काढायची. दहा दिवस मी झिलईचे रंग मोजत होतो आणि तिचा रंग झिलईत नव्हताच.

त्या दिवशी तिने विचारलं, “आज कुठला?”

“आज नाही,” मी म्हटलं.

“हरलास?”

“समज.”

ती हसली. पण जरा कमी हसली. मला दिसलं ते.

शुक्रवारी दुपारी नमाजानंतर सगळं फेझ घरी कुसकुस खायला बसतं. कारखाना ओस पडतो. मी आईला सांगितलं, पोट बिघडलंय. शुक्रवारचा कुसकुस सोडतोय म्हटल्यावर तिने माझं कपाळ चाचपून बघितलं. मी कारखान्यात आलो, बिनझिलईची एक भाजलेली फरशी घेतली आणि तारा कापायला बसलो.

सात टोकांचा.

सात टोकांचा तारा कुठल्याच नक्षीत बसत नाही. आठचा कसाही फिरवा, शेजाऱ्यांशी जुळतो. सातचा जुळतच नाही. त्याला आत घ्यायचं तर त्याच्या भोवतीचे सगळे तुकडे नवे कापावे लागतात, प्रत्येक वेगळ्या मापाचा. मी रंगीत फरश्यांतून चौतीस तुकडे कापले. त्याशिवाय आणखी अकरा फुटले. आधी शिव्या दिल्या, मग हातोडी पडू दिली.

शनिवारी सकाळी नळाशेजारच्या ओट्यावर मांडणी झाली. अर्धी गल्ली जमलेली. पोरांनी आपापल्या ओळी पाठ केल्या होत्या, नमाजातली आयत म्हणावी तशी पुटपुटत मांडत होती. निळा, पांढरा, निळा, काळा. मधोमध जागा राहिली. मी भोवतीचे नवे तुकडे मांडले, खिशातून तारा काढला आणि पालथा ठेवला. झिलई नव्हतीच, रंगापुरता पालथा काय नि सुलटा काय. पण बाकीच्या पाठींमध्ये ते कुणाला कळणार? टोकं मात्र सगळ्यांना दिसली.

याह्याने बोटाने मोजली. दोनदा.

“सात आहेत,” तो म्हणाला. “हा माझा आहे?”

मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो. तीन वर्षांपूर्वी दोन शब्द तोंडातून निघाले असते तर मी आज कुठं असतो, कुणास ठाऊक. आणि ते सर खोटे होते, तेव्हा निघायला नकोच होते. पण इथं खोटा मी होतो.

“तुझाच,” मी म्हटलं. “चुकलं माझं. त्या दिवशी.”

“गाढव कोण?” मर्वाने विचारलं.

“मी.”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. शामाने माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. तिला वाटलं, हे एवढंच. याह्याची माफी. पुष्कळ झालं, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. प्लास्टर ओतलं. रंगाबद्दल मी कुणाला एक अक्षर बोललो नाही.

रविवारी सकाळी पाटी वाळली. तिची गाडी दुपारी एकला. बॅग भरून ती तशीच नळापाशी आली होती, मावशीचा स्वेटर परत करून. थंडी वाजत होती तिला.

चौघांनी मिळून पाटी उचलली. उलटली. मामाने ओला फडका फिरवला.

निळा चमकला. मर्वाचा काळा, हिरवा, पांढरा. बायकांनी गच्चीवरून हाळी दिली. आणि मग... हाळी मधेच तुटली.

मधोमध तारा. चमक नाही, रंग नाही. नुसती भाजलेली माती.

“उलटा लावलास!” मामा गरजला. “अरे, आठ वर्षांचं पोरही करत नाही ही चूक! चार पिढ्यांचं नाक कापलंस, गल्लीच्या तोंडावर, नळावर!”

माझ्या आत तो जुना भडका उठला. तोंड उघडलंच होतं... मग वाटलं, पडू दे. कुठं पडायचं तेवढं बघ.

मी शामाकडे बघितलं. ती हसत नव्हती. हलतही नव्हती.

मामाने खाली वाकून ताऱ्याच्या कडेवरून नख फिरवलं. झेलीजचा तुकडा मागून तिरपा तासलेला असतो. उलटा लागला तर समोर फट दिसते, आंधळ्याला सुद्धा लागते. मामाचं नख कुठंच अडकलं नाही. टोकाटोकाशी सांधा बंद. त्याने आणखी एकदा नख फिरवलं. मग चौतीस नव्या तुकड्यांवरून. मग चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं, मग शामाकडे, मग परत माझ्याकडे.

“उलटा नाहीये,” तो सावकाश म्हणाला. “शुक्रवारी पोट बिघडलं होतं म्हणे तुझं.”

“हो.”

“हं.” त्याने चष्मा पुसला. “बरा सांधा आहे. चला रे, भिंतीवर चढवा. माणसांना कामं आहेत.” आणि पाठ फिरवून, कुणाकडेही न बघता, “मालेम, खालची बाजू तू धर.”

माझ्याशी बोलतोय हे कळायला मला वेळ लागला.

पाटी भिंतीवर गेल्यावर शामा जवळ आली. तारा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर होता. तिने त्याच्यावर तळवा टेकवला, तसाच.

“केव्हा कळलं?”

“तू म्हणालीस, असंच राहू दे. तेव्हा.”

“आणि त्या दिवशी म्हणालास, हरलो.”

“तू म्हणालीस हरलास का. मी म्हटलं, समज.”

“तीन दिवस मला वाटलं...” ती थांबली. “जाऊ दे.”

“सांग ना.”

“वाटलं, याने खेळ सोडला.”

नळाचं पाणी वाहत होतं. कुणी बंद करेना. मर्वाही काही बोलली नाही, म्हणजे बघा.

“शामा, हा तारा कुठल्याच नक्षीत बसत नाही,” मी म्हटलं. “बाकी सगळं त्याच्यासाठी नवीन कापावं लागतं. मी... मला कापायला आवडलं. एवढंच.”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती चिडलेली होती. “गाडीला दोन तास असताना सांगतोस हे? लोणी आमचं असेल, पण डोकं तुमचं दगडाचं!”

“ओळखला तर काय, ते राहिलंच.”

तिने इकडेतिकडे बघितलं. अख्खी गल्ली बघत होती. मग माझा हात धरला. प्लास्टरने पांढरा झालेला, तसाच. सगळ्यांसमोर. दोन क्षण... तीन असतील. माझ्या बोटांना नारंगीच्या फुलांचा वास दुपारभर होता. गाडी गेल्यावरही.

त्याला आता एकवीस दिवस झाले. हो, मोजतोय.

रोज निरोप यायचे, जायचे, थट्टेचे. मी तेतुआनला लोणी म्हणायचं, तिने फेझला दगड. मोठं काही दोघंही बोललो नाही. आणि काल संध्याकाळी तिने फोटो पाठवला. तिच्या कला-शाळेच्या जमिनीवर एक नक्षी मांडलेली, सगळी पालथी. नुसत्या मातीच्या पाठी. मधल्या तुकड्यांच्या कडा मऊ, ओल्या मातीत कापलेल्या, भोवतीचे हातोडीने. ते वेडेवाकडे, अंगठा ठेचून घेणाऱ्याच्या हातचे. खाली लिहिलं होतं: “उद्या चार वाजता उलटणार. मधे तुझा रंग आहे. मी एकाच झटक्यात ओळखला. बघायला येतोस, की तिथूनच बरोबर-चूक सांगणार?”

रात्री जेवताना मी मामाला फोटो दाखवला. त्याने तो जवळ धरला, लांब धरला.

“तेतुआनची पोर पालथं लावायला शिकली,” तो म्हणाला. “सांधे वाईट आहेत. जाऊन दुरुस्त करून ये.”

रात्रीपासून विचार करतोय, कुठला असेल. माझा रंग मला कुणी विचारलाच नव्हता. लाल म्हणेल, रागाचा. तसं असेल तर भांडेन. पण लाल नसेल असं वाटतंय... हे सगळं लिहून काढलं ते तेवढ्यासाठीच. उलटल्यानंतर लिहिलं असतं तर वेगळं लिहिलं असतं.

याह्या दारात उभा आहे, माझी पिशवी पोटाशी धरून. म्हणतोय, साडेआठची गाडी आहे, आठ वाजून गेले. खरंच गेलेत. मला आता निघायला हवं.